शिरोलीचा स्पेक्ट्रो आणि विंडोज सेव्हन

“काल एकाला बोलावून विंडोज मारून घेतलंय, पण नाव विचारतंय तिथंच अडकलंय. की-बोर्ड चालंना झालाय. भट्टीत धातू तसाच आहे साहेब, या लवकर.”

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, मालकांचा हा फोन. माझं दुकान राजारामपुरीत. तावडे हॉटेलवरून हायवेला लागेपर्यंत डोक्यात दुखण्याचं नाव पक्कं झालं होतं. नाव विचारेपर्यंत आलंय म्हणजे फाइली कॉपी होऊन गेल्या आहेत, तोपर्यंत की-बोर्ड चालत होता आणि रीस्टार्टनंतर बंद पडलाय. याचा अर्थ एकच: यूएसबीचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला यूएसबी ओळखायला लावणारा प्रोग्राम, अर्धवट घातलाय.

आधी तिथलं काम काय ते सांगतो. भट्टीतला धातू ओतण्याआधी त्याचं सॅम्पल कॉईन काढतात, घासून सपाट करतात आणि लॅबमधल्या स्पेक्ट्रोमीटरवर ठेवतात. आर्गॉनच्या झोतात स्पार्क पडतो, कॉईनवर काळसर वर्तुळ उमटतं आणि स्क्रीनवर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस यांची टक्केवारी येते. तो आकडा आल्याशिवाय चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत घातलेल्या मालात, काय कमी-जास्त करायचं ते भट्टीवाल्याला कळत नाही. एसजी आयर्नला (चिवट जातीच्या बिडाला) तर मॅग्नेशियम लागतं, साधारण ०.०३ ते ०.०५ टक्के, आणि ते मिसळण्याची ट्रीटमेंट झाली की ते मिनिटामिनिटाला उतरत जातं. स्पेक्ट्रो बंद पडला की कॉईन बाहेरच्या लॅबला मोटरसायकलवरून पाठवतात. रिपोर्ट येईपर्यंत भट्टी वीज खात धातू धरून ठेवते आणि कार्बन खाली येत राहतो. शिवाय बाहेरचा रिपोर्ट बेस मेटललाच, म्हणजे मॅग्नेशियम घालण्याआधीच्या धातूलाच, उपयोगी. मॅग्नेशियम तेवढा वेळ थांबत नाही.

स्पेक्ट्रोला काहीही झालं नव्हतं. मेला होता तो त्याला जोडलेला जुना कॉम्प्युटर. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले मी दारातूनच पाहिले. यंत्राच्या कंपनीनं नवीन कॉम्प्युटर, नवीन सॉफ्टवेअर आणि ते चालावं म्हणून यंत्रातलं कार्डही नवीन, असं लाखांतलं कोटेशन दिलं होतं. मग मालकांनी सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचा एक रिफर्बिश्ड कॉम्प्युटर आणला. निवड वाईट नव्हती: यंत्राची वायर लावायला मागे जुन्या पद्धतीचा सिरियल पोर्ट होता, आत सेव्हनला ओळखता येणारी साधी साटा एसएसडी होती. फक्त त्यावर विंडोज सेव्हन चढत नव्हतं, आणि यंत्राचं सॉफ्टवेअर सेव्हनच्या पुढे सरकत नाही. तेही ३२ बिटच लागतं, कारण त्याची सेटअप फाइल १६ बिट काळातली आहे आणि ६४ बिट विंडोज १६ बिट प्रोग्राम चालवतच नाही.

स्क्रीनवर खाली ‘अल्टिमेट’ लिहिलेलं. मी विचारलं, “मालक, तुम्ही विंडोज विकत घेतलेलं का?” लॅबच्या मॅडमनी कपाटातून बॉक्स काढून दिला. २०१० सालचा, सेव्हन प्रोफेशनल, आत ३२ बिटची डीव्हीडी, की म्हणजे लायसन्सच्या क्रमांकासकट. कपाट लॅबमध्येच होतं. कालच्या माणसानं विचारलंही नव्हतं. नेटवरून उतरवलेलं ६४ बिट अल्टिमेट पेनड्राइव्हवरून चढवून, पैसे घेऊन गेला. आपल्याकडे या कामाला ‘विंडोज मारणं’ म्हणतात आणि बरेच जण खरोखर मारूनच जातात. समोरचं मशीन कशासाठी वापरतात एवढंही विचारत नाहीत. याचा मला मनापासून राग येतो. बॉक्स पॅकचं लायसन्स जुन्या मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतं, मशीनसोबत आलेलं ओईएम नेता येत नाही. म्हणजे मालकांनी त्या काळी योग्य तेच घेतलं होतं.

आता की-बोर्ड. विंडोज सेव्हन आलं ऑक्टोबर २००९ मध्ये. यूएसबी ३.० तेव्हा कागदावर होतं, बाजारात नव्हतं, त्यामुळे सेव्हनच्या डीव्हीडीत त्याचा ड्रायव्हरच नाही. तो पहिल्यांदा आत आला २०१२ च्या विंडोज एटमध्ये. अडचण बरीच वर्षं जाणवली नाही, कारण बोर्डांवर यूएसबी २ चा कंट्रोलरही (ती पोर्ट चालवणारा भाग) असायचा. २०१५ मध्ये इंटेलनं सहाव्या पिढीबरोबरच्या चिपसेटमधून तो जुना कंट्रोलर काढून टाकला. तेव्हापासून मागचं काळं यूएसबी असो की पुढचं निळं, सगळी एकाच नव्या कंट्रोलरवर लटकलेली. मालकांना पटावं म्हणून मी त्यांची मूळ डीव्हीडी लावून दाखवली. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये, नम लॉकचा दिवा पेटलेला. काळ्या पडद्यावर चार रंगांचे ठिपके एकत्र येऊन खिडकी झाली, भाषा विचारणारी चौकट आली आणि त्याच क्षणाला नम लॉकचा दिवा विझला. बायोसनं हात सोडला आणि विंडोजला पुढे धरता आलं नाही. या मॉडेलला गोल पीएस-टू पोर्ट नाही, नाहीतर जुना की-बोर्ड लावून वेळ निभावली असती. जुनी हार्ड डिस्क तशीच जोडली असती तरी हेच दुखणं होतं.

कालच्या माणसाच्या पेनड्राइव्हमध्ये ड्रायव्हर होता, पण अर्धवट. इन्स्टॉलरमध्ये विंडोज एकदा नसतं. ‘बूट’ नावाच्या विम फाइलीत दोन इमेज, म्हणजे विंडोजच्या बांधून ठेवलेल्या प्रती, असतात: पहिली नुसतं विंडोज पीई हे छोटं तात्पुरतं विंडोज, दुसरी प्रत्यक्ष सेटअप. ‘इन्स्टॉल’ नावाच्या विम फाइलीत जे डिस्कवर उतरायचं ते असतं. ३२ बिट डीव्हीडीत तिथे स्टार्टरपासून अल्टिमेटपर्यंत पाच आवृत्त्या असतात. ड्रायव्हर फक्त बूटमध्ये घातला की सेटअप छान चालतो, माणूस खूश होतो, आणि रीस्टार्ट झाल्यावर डिस्कवर उतरलेलं विंडोज पुन्हा आंधळं. नाव विचारतं तिथे ते अडकतं, कारण तिथेच पहिल्यांदा की-बोर्ड लागतो.

माझ्या लॅपटॉपवर डीव्हीडी कॉपी केली आणि डिझम या मायक्रोसॉफ्टच्या टूलनं एकेक इमेज माउंट करत (उघडून) ड्रायव्हर घालत गेलो. बूटमधल्या दोन्ही आणि इन्स्टॉलमधली प्रोफेशनल. ड्रायव्हरचं फोल्डर ३२ बिटचं, म्हणजे एक्स-८६ चं. शेजारचं ६४ बिटचं घातलं तर काम होत नाही. यूएसबीचा हब, कंट्रोलर आणि स्विच, तिन्हींच्या फाइली घातल्या. बदल कमिट करून अनमाउंट करताना त्या फोल्डरवर एक्सप्लोररची खिडकी उघडी राहिली तर काम अर्धवट अडकतं, म्हणून सगळं बंद करून थांबायचं. सर्व्हिस पॅक १, म्हणजे नंतर आलेला सुधारणांचा संच, मात्र सेव्हनमध्ये असा बाहेरून मिसळता येत नाही. एक्सपीच्या काळी एका आज्ञेत व्हायचं. मायक्रोसॉफ्टनं ती सोय पुढे ठेवली नाही आणि मला ती पीछेहाट वाटते. तो मी विंडोज चढल्यावर हातानं घातला.

बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद, लेगसी म्हणजे सुरू होण्याची जुनी पद्धत चालू, कारण ३२ बिट सेव्हन यूईएफआय या नव्या पद्धतीनं सुरू होत नाही. या बदललेल्या फाइली घातलेला पेनड्राइव्ह लावला. ठिपके एकत्र आले, दिवा विझला, क्षणभर थांबून परत पेटला. मॅडम माझ्यामागे उभ्या होत्या. “लागला की!” एवढंच बोलल्या आणि खाली भट्टीवर फोन करायला गेल्या.

पुढचं श्रेय निम्मं मॅडमचं आहे. सिरियल पोर्टची सेटिंग, सॉफ्टवेअरच्या फोल्डरची जागा, डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची छोटी किल्ली) कुठल्या क्रमानं लावायचं, हे सगळं त्यांनी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. जुन्या डिस्कवरून कॅलिब्रेशनच्या फाइली काढल्या. मग त्यांनी प्रमाणित सॅम्पल ठेवून स्पार्क दिले आणि सर्टिफिकेटशी एकेक मूलद्रव्य पडताळलं. सगळे आकडे मर्यादेत आल्यावरच भट्टीचा कॉईन ठेवला. खालून माणसं वर येऊन घाई करत होती. मॅडमनी ऐकलं नाही, आणि बरोबर केलं. हे कास्टिंग उद्या कुठल्या गाडीच्या ब्रेकमध्ये जाणार असतं.

सेव्हनचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. म्हणून नेटवर्कची वायर काढून ठेवली आणि ऑफिसचा पेनड्राइव्ह या मशीनला लावायचा नाही असं बजावलं. रिपोर्ट प्रिंटरवरच निघेल.

हे सगळं झालं ते माझ्याकडे ड्रायव्हरचं ते जुनं पॅकेज होतं म्हणून. उत्पादकांच्या साइटवरून जुने ड्रायव्हर हळूहळू निघून जातात आणि मग उरतात त्या अनोळखी साइट. तिथली फाइल मी लॅबच्या मशीनवर घालणार नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठेही जा. उत्तम चालणारी यंत्रं अशा एकेका कॉम्प्युटरवर अडकून आहेत. यंत्राच्या देखभालीचा करार प्रत्येकाकडे असतो, इन्स्टॉलरची प्रत कुणाकडे नसते. पावसाळ्यात हे झालं असतं तर? २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेच्या पाण्यानं हायवेच बंद होता. कॉईन नदी ओलांडून कोल्हापुरात आलाच नसता.

मालक म्हणाले, “हा पेनड्राइव्ह सगळ्या शिरोलीला वाटा की.” ड्रायव्हर आणि कृती कुणालाही देईन. विंडोज मात्र ज्याचं लायसन्स त्याचं. ते त्यांना पटलं नाही, आणि बाजूच्या कारखान्यांत विकत घेतलेला बॉक्स किती जणांकडे निघेल याचा विचार केला की मलाही पुढचं उत्तर सुचत नाही.

दुसरी गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. आताच्या बऱ्याच नव्या बोर्डांत लेगसी मोडच नसतो. हा कॉम्प्युटर गेला की तशा नव्यावर ड्रायव्हर घालूनही ३२ बिट सेव्हन चढणार नाही. म्हणून मी मालकांना याच मॉडेलचा आणखी एक घेऊन, सगळं चढवून, कपाटात ठेवायला सांगितलं. “बघू,” म्हणाले. रिफर्बिश्डवाल्याकडे त्या लॉटमधले थोडेच शिल्लक होते. त्यातला एक मी माझ्या पैशानं उचलून दुकानात ठेवलाय. बिल कुणाच्या नावानं करायचं ते अजून ठरलेलं नाही.