तात्यांच्या डोक्यावरची तुळस

दिवेघाटाच्या चढाला आमच्या दिंडीतल्या आक्कांचा पाय मुरगळला. डोक्यावर तुळशीवृंदावन. पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीचा सगळ्यात लांबचा टप्पा, जवळपास ३० किलोमीटर, आणि त्यात एकादशीचा उपास. आक्का कठड्याला टेकल्या, पण तुळस काही खाली ठेवेनात. तुळस बायकांनीच घ्यायची, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे आम्ही बाप्ये नुसते बघत उभे.

मागून तात्या आले. सत्तरी गाठलेली, तरुणपणी तालमीत घुमलेले, दोन्ही कान मोडलेले. काही न बोलता त्यांनी टोपी खिशात कोंबली, उपरण्याची चुंबळ केली आणि वृंदावन डोक्यावर घेतलं. एक पोरगं फिसकन हसलं.

"हसतुस काय लेका? पुढच्या वळणाला तुझी पाळी," एवढंच बोलून ते चालायला लागले.

घाटमाथ्यापर्यंत मी त्यांच्या मागेच होतो. मानेवरून घाम वाहत होता, पण तुळशीचं पानही हलत नव्हतं. पैलवानाची मान कशासाठी कमवायची, हे मला त्या चढावर कळलं.

सासवडच्या मुक्कामी माझ्या तळव्यांना फोड आले होते. मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या घरात पुरुषानं दुखणं सांगायचं नसतं. वडील फौजेत होते. बैलानं लाथ मारून त्यांची बरगडी मोडली तेव्हाही ते हूं की चूं न करता पायी घरी आले, आणि ती गोष्ट आम्हाला शंभरदा ऐकवली गेली. मीही तसाच घडलो. गेली दोन वर्षं ते अंथरुणाला खिळलेत. मी माणूस ठेवलाय, औषधं आणतो, पैसे देतो. पण त्यांच्या अंगाला हात लावायला मला लाज वाटते, त्यांनाही वाटते.

राहुटीत मी पाय पोटाशी घेऊन पडलो होतो. तात्यांनी बॅटरी लावली आणि माझा पाय ओढून सरळ आपल्या मांडीवर घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाच्या वयाचा माणूस!

"तात्या, अहो, पाय कसला धरताय..."

"गप पड, माउली."

त्यांनी सुई काडीच्या जाळावर धरली, पांढरा दोरा हळदीत बुडवून ओवला आणि फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढला. दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. त्या दोऱ्यावाटे पाणी हळूहळू पाझरायला लागलं. "कातडं सोलू नगंस. तेच मलम," म्हणाले. मग कोमट तेल लावून पोटऱ्या चोळल्या. बोटं राकट, खरखरीत, पण फोडाजवळ आली की इतकी हलकी होत, की मला माझी आजी आठवली.

आणि तेव्हा पहिल्यांदा मी त्या शब्दापाशी थांबलो. १२९६ साली, अवघ्या २१व्या वर्षी समाधी घेतलेल्या एका तरुण पुरुषाला आपण सातशे वर्षं आई म्हणतोय. रस्त्यात धक्का लागला तरी 'माउली', पाणी मागायचं तरी 'माउली', मिशीवाल्या पोलिसालाही 'माउली'. पुरुषाला देण्याजोगा सगळ्यात मोठा मान म्हणजे त्याला आई म्हणणं, हे वारकऱ्यांनी कधीचं ठरवून टाकलंय. आम्ही शिकलेल्यांनी मात्र मर्दानगी दंडात आणि आवाजात शोधली.

मग मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. रस्त्याकडेला फुकट दाढी करणारे, वारकऱ्यांच्या तुटक्या चपला गुडघ्यांवर घेऊन शिवणारे. पहाटे तीनला टँकरपाशी बायकांच्या अंघोळीला आडोसा म्हणून लुगडी धरून पाठमोरे उभे राहिलेले चार गडी. त्यातला एक तात्या. हात भरून आले तरी खाली नाहीत, आणि मान वळली नाही. वाल्ह्यापासून पाचवा मी झालो. पहिल्या दिवशी कानकोंडं वाटलं. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी जाताना ओल्या हातानं माझ्या गालावरून बोटं मोडून गेली.

आणखी एक सांगतो. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी हजारो टाळ वाजत असतात. चोपदारांनी चोप उंचावला की एका क्षणात सगळं शांत होतं. त्या शांततेत हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचा पुकारा होतो. कुणाचा चष्मा, कुणाची पैशाची पिशवी. आक्कांची चंची सापडल्याचा पुकारा झाला, तेव्हा तात्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही. मी आयुष्यात इतक्या उघडपणे रडणारा पुरुष पाहिला नव्हता.

पंढरपुरात कळसाचं दर्शन घेतलं आणि घरी आलो. रात्री खोबरेल कोमट केलं, वाटी घेऊन वडिलांच्या पायथ्याशी बसलो. त्यांनी पाय आखडून घेतले.

"हे कसलं थेर?"

मी काही बोललो नाही. वाटी हातातच धरून बसलो. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं त्यांनी उजवा पाय थोडा पुढे केला. टाचा पार भेगाळल्या होत्या. दोन वर्षं मी त्या पाहिल्याच नव्हत्या.

"फार गरम नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, दादा. कोमट आहे."