तुम्ही विचारलंत म्हणून: न्यूझीलंडला का गेले नाही

“ट्रायथलॉनमध्ये एवढं नाव काढलंस, मग पैसे मिळतात किती? आणि न्यूझीलंडच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची संधी का सोडलीस?” खानापूर-बेळगावात हे दोन प्रश्न मला एका दमात विचारले जातात. दोन्हींचं उत्तर एकमेकांत गुंतलंय, म्हणून एकदाच लिहिते.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एका दमात. गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ या शर्यतीत १.९ किलोमीटर पोहून, ९० किलोमीटर सायकल मारून, २१.१ किलोमीटर धावून वयोगटात वर आलं, तरी रोख रक्कम शून्य. ट्रॉफी मिळते. रोख इनाम प्रो म्हणजे व्यावसायिक खेळाडूंना, तेही वरच्या ठरावीक नंबरांना. २०२४ ला हवाईतल्या कोना गावी, ७०.३ च्या दुप्पट म्हणजे पूर्ण अंतराच्या आयर्नमॅनची वर्ल्ड चॅम्पियनशिप पॅट्रिक लांगे जिंकला, त्याला सव्वा लाख डॉलर मिळाले. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. तिथं इनाम पहिल्या पंधरांपर्यंतच होतं, हे कोणी विचारत नाही. आपल्याकडच्या कुस्तीच्या मैदानात हरलेल्या पैलवानाच्या हातातही काहीतरी पडतं. इथं हमीचं मानधन मोजक्यांना. टी-१०० या प्रोंच्या ट्रायथलॉन मालिकेनं २०२४ ला वीस पुरुष आणि वीस महिला करारावर घेतल्या, तेवढंच नवल. बाकी प्रोंचं घर सायकल-बुटांच्या कंपन्यांचे करार, पहिल्या तिनात आल्याचा बोनस आणि कोचिंग यांवर चालतं.

म्हणून शर्यत निवडताना प्रो आधी हिशेब बघतात: कोण कोण येतंय, इनाम कितव्या नंबरापर्यंत आहे, चढ आपल्या पायांना मानवतो का, विमानभाडं सुटतं का. आयर्नमॅनच्या प्रो सिरीजमध्ये, म्हणजे प्रोंच्या वर्षभराच्या गुणांच्या मालिकेत, २०२४ ला उत्तम पाचच शर्यती धरायचे, त्यात पूर्ण अंतराच्या जास्तीत जास्त तीन. आणि विजेत्याच्या मागं राहिलेल्या प्रत्येक सेकंदाला एक गुण जायचा. नंबर हातचा गेला तरी शेवटच्या किलोमीटरला कोणी पाय सैल सोडत नव्हतं, ते त्यामुळं.

मी प्रो नाही. पण माझंही पोट यावरच आहे: सकाळी पोहायला शिकवते, संध्याकाळी धावणाऱ्यांचा सराव घेते. गोवा निवडते कारण सायकल बोलेरोत टाकून जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरला की पणजी. विमान नाही, सायकलची पेटी नाही. आणि गोव्याचा निकाल चांगला लागला की शिकायला येणारे वाढतात. सैन्यातल्या खेळाडूला पगार असतो. २०१९ ला गोव्याची पहिली शर्यत जिंकलेला बिश्वोरजीत सायखोम सैन्यातलाच. मला शिकवणीची फी.

आता न्यूझीलंड. ऑक्टोबर २०२३ ला गोव्यात निकालानंतर स्लॉट वाटप होतं, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिपमधल्या जागांचं वाटप. २०२४ च्या डिसेंबरात न्यूझीलंडमधल्या टाउपोला ७०.३ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप होती. तेव्हा वयोगटाप्रमाणे नावं पुकारायचे. नाव आलं की तिथं हजर असावं लागायचं, हात वर करायचा, टेबलाकडं जायचं आणि जागच्या जागी फी भरायची. गप्प राहिलं तर स्लॉट खालच्या नंबराला जायचा. लोकांना वाटतं स्लॉट म्हणजे सरकारी खर्चानं सहल. फी आपली, तिकीट आपलं, व्हिसा आपला.

आप्पा माझे बूट प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन शेजारी उभे होते. माझ्या दंडावर अजून नंबर होता, त्याच्या कडेनं मीठ वाळलेलं. कार्ड खिशात होतं, आणि त्या खात्यात धाकट्या भावाची कॉलेजची फी. नाव पुकारलं. आप्पा म्हणाले, “हात वर कर की.” मी समोर बघत राहिले. परत पुकारलं. आप्पांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, बोलले काही नाहीत. मग पुढचं नाव. ती बाई किंचाळली, तिचा नवरा पाकीट काढतच पुढं गेला. मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, तरी हात थरथरत होते.

घाट चढून कणकुंबी येईस्तोवर गाडीत कोणी बोललं नाही. मग आप्पा म्हणाले, “शेताचं काहीतरी बघितलं असतं.” मला ठाऊक होतं बघितलं असतं. म्हणूनच हात वर केला नाही.

“जिद्द असली की पैसा उभा राहतो,” हे मीच पूर्वी पोरींना सांगत असे. ती मी आजही माझ्याशी भांडते: कर्ज काढलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी तिला म्हणते, टाउपोला माझ्या वयोगटात मी बरीच मागं आले असते, त्या निकालावर कोण शिकायला आलं असतं? ती म्हणते, शिकवण्यासाठी पळत होतीस का? यावर माझ्याकडं उत्तर नाही. तिच्याकडंही भावाच्या फीचं उत्तर नाही.

त्यानंतर आमच्या भागात सत्कार बरेच झाले, शाली घरात आहेत. प्रेमानं दिल्यात, मान ठेवते. पण पुढच्या वेळी बोलावणार असाल तर त्या पैशात माझ्याकडं येणाऱ्या पोरींपैकी एकीची पोहण्याच्या तलावाची वर्षाची फी भरा. यादी मी देते. आणि मला परत स्लॉट मिळाला तर घेणार का, हे विचारू नका. ते मला त्या टेबलासमोर उभं राहिल्याशिवाय कळणार नाही.