बोटांवरून रिलीजवर: आठ आठवड्यांची नोंद

या नोंदीतलं धनुष्य शिकारीचं कंपाउंड (टोकांना कॅम म्हणजे चाकं असलेलं) आहे: एक्सलपासून एक्सलपर्यंत, म्हणजे चाकांच्या आसांमधलं अंतर, ४० इंच, ओढीचं वजन ६० पौंड, लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर कमी होणारं वजन) ६५ टक्के, उजव्या हाताचं. आजवर चामड्याचा टॅब लावून तीन बोटांनी ओढलेलं, एक बोट नॉकच्या (बाणाच्या शेपटीची दोरीत अडकणारी खाच) वर आणि दोन खाली. रिलीजकडे, म्हणजे बोटांऐवजी दोरी पकडून सोडणाऱ्या साधनाकडे, वळायचं कारण पुढचं धनुष्य. शिकारीची नवी धनुष्यं साधारण ३० ते ३३ इंचांत येतात. इतक्या आखूड धनुष्यात पूर्ण ओढल्यावर दोरीचा कोन एवढा टोकदार होतो की बोटं नॉकला चिमटा घेतात आणि बाण रेस्टवरून (बाण टेकतो तो आधार) हलतो. लेट-ऑफ ८० टक्क्यांच्या पुढचा असेल तर बोटांवर उरणारं वजन इतकं कमी की दोरी स्वच्छ सुटतच नाही.

हंगाम सहा आठवड्यांवर आला असेल तर हा बदल पुढच्या वर्षावर टाका. अर्धवट बसलेला हात घेऊन जनावरासमोर जायचं नाही.

आठवडा १: सगळं काम धनुष्यावर

बोटांवरून सुटताना दोरी पेरांना वळसा घालून निघते. ती आडवी सरकते, बाण आडवा वाकतो, आणि प्लंजरची, म्हणजे बाणाला बाजूने टेकणाऱ्या बटणाची, स्प्रिंग तो धक्का पचवते. रिलीजमधून दोरी जवळजवळ सरळ निघते, जो वाक उरतो तो बहुतेक वर-खाली. ज्या दोषासाठी जुनं ट्यूनिंग केलं होतं तो दोषच आता नाही, म्हणून ते सगळं उतरवायचं.

प्लंजर आणि बाजूची रेस्ट काढून ड्रॉप-अवे (बाण सुटताना खाली पडणारी) रेस्ट बसवली. पूर्वी बाणाचं टोक दोरीच्या रेषेच्या किंचित डावीकडे होतं, आता ते रेषेत. धनुष्याच्या माहितीपत्रकात आकडा दिला नसेल तर राइझरच्या (धनुष्याचा मधला, हातात धरायचा भाग) आतल्या बाजूपासून बाणाच्या मध्यापर्यंत १३/१६ इंच ही चांगली सुरुवात. नॉकची उंची काटकोनापासून ३/८ इंच वर होती, ती आता शून्य ते १/८ इंच. रेस्ट बाणाची पिसं पोचायच्या आत खाली पडायला हवी. ते बघायला पिसांवर कोरडी पावडर फवारून एक बाण मारा. पावडर पुसली गेलेली दिसली तर रेस्टची दोरी पुन्हा बांधा.

डी-लूपवर (धनुष्याच्या दोरीवर बांधायचा, रिलीज अडकवायचा छोटा फास) वेळ घालवा, कारण चुकलं तर थेट तोंडावर येतं. सुमारे २ मिमी जाडीची लूपचीच दोरी घ्यायची, ११ सेंटीमीटरचा तुकडा. टोकाचे धागे आधी बोटांनी पिंजून फुलवायचे, मगच ज्योत दाखवायची, आणि वितळलेलं टोक लायटरच्या सपाट बाजूने दाबून अळंबीच्या छत्रीसारखं पसरवायचं. न पिंजता जाळलं तर बोंड बारीक होतं आणि पूर्ण ताणावर गाठीतून सटकतं. वरच्या गाठीचं बोंड दोरीच्या एका बाजूला, खालच्याचं विरुद्ध बाजूला. दोन्ही एकाच बाजूला आली तर लूप दोरीभोवती फिरतो आणि पीपही (दोरीत बसवलेलं, नेम धरताना आरपार बघायचं भोक) फिरवतो. लांब टोकाची पक्कड मिटलेली लूपमध्ये घालून जोराने उघडायची, म्हणजे गाठी आवळतात. दोन्ही गाठींच्या आत नॉकला केसभर जागा ठेवा, कारण ओढल्यावर दोरी वाकते आणि ती जागा आणखी कमी होते. ज्योत दोरीच्या सर्व्हिंगपासून (दोरीवर गुंडाळलेला धागा) लांब.

लूपमुळे हात दोरीच्या साधारण अर्धा इंच मागे जातो. शिवाय अँकरही (पूर्ण ओढल्यावर हात चेहऱ्याला टेकतो ती ठरलेली जागा) बदलतो: पूर्वी तर्जनी ओठांच्या कोपऱ्यात टेकायची, आता हाताची बोटं जबड्याच्या हाडाशी बसतात. दोरी मात्र नाकाच्या टोकाला आणि ओठांच्या कोपऱ्याला लागलीच पाहिजे. दोरी गालात रुतत असेल, मान मागे जात असेल, धनुष्याचा हात कोपरात ताठ होत असेल, तर ड्रॉ (ओढीची लांबी) लांब झालाय. या धनुष्यात कॅमचं मॉड्यूल बदलून अर्धा इंच कमी करावा लागला. मॉड्यूलने होण्यासारखं असताना लूप आखूड करून भागवू नका, हाताला जागाच उरत नाही.

पीप सगळ्यात शेवटी. डोळे मिटून ओढा, अँकर लावा, मग डोळे उघडा. पीप डोळ्यासमोर नसेल तर पीप हलवायचा, मान नाही. पीप हलला की साइटच्या (धनुष्यावरचं नेम धरायचं साधन) सगळ्या पिन खोट्या ठरतात. त्या आत्ता लावायच्या भानगडीत पडू नका.

आठवडा २: दोरीचा फास

रिलीज कुठलं? अंगठ्याच्या बटणाचं चांगलं, हिंज (ट्रिगर नसलेलं, हात वळवल्यावर सुटणारं) सरावाला उत्तम. पण शिकारीसाठी मनगटाच्या पट्ट्याचं, तर्जनीच्या ट्रिगरचं घेतलं, कारण ते हातालाच असतं आणि झाडावरून खाली पडत नाही. पट्टा बकलचा; वेल्क्रोचा आवाज शांत रानात लांब जातो.

पट्ट्यापासून रिलीजच्या डोक्यापर्यंतची लांबी हीच बहुतेकांची चूक. ती जास्त असेल तर ट्रिगर तर्जनीच्या टोकाला येतो, आणि बोटाचं टोक म्हणजे शरीरातला सगळ्यात उतावळा भाग. डोकं इतकं मागे घ्या की ट्रिगर पहिल्या आणि दुसऱ्या पेराच्या मध्ये बसेल. बकलचं भोक ठरलं की त्यावर खूण करा.

आता धनुष्य बाजूला. आपल्या ड्रॉइतका दोरीचा गोल फास बांधायचा, डाव्या हाताच्या पंजात अडकवायचा, उजवीकडे रिलीज, आणि ओढायचं. रोज ३० वेळा. धनुष्य रिकामं सोडायचा प्रश्न येत नाही आणि खरं शिक्षण इथेच होतं. बोटांनी सोडणाऱ्याचा हात ‘सोड’ म्हटलं की बोटं सैल करतो. पट्ट्याच्या रिलीजमध्ये तसं केलं तर काहीच होत नाही; मग मेंदू गोंधळतो आणि पुढच्या क्षणी ट्रिगरला झटका देतो. वजन मनगटावर आहे, बाकीची बोटं मुळातच सैल हवीत. तर्जनी आकड्यासारखी ट्रिगरवर ठेवून तशीच राहू द्यायची. हलतो तो कोपर, मागे, पाठीतली फरी मणक्याकडे सरकते म्हणून. फास नेमका कधी सुटला हे आधी कळलं नाही तर बरोबर चाललंय.

ट्रिगरचा ताण या टप्प्यावर जड ठेवा, प्रवास कमीत कमी. हलका ट्रिगर शिकणाऱ्याला भित्रा करतो. स्क्रू फिरवल्यावर प्रत्येक वेळी फासावर अडकवून जोराने हिसके द्या. सुटलं तर तो ताण धनुष्यावर चालणार नाही.

आठवडा ३ आणि ४: तीन मीटर, नेम नाही

दोन्ही लिंबांचे (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांचे) बोल्ट सारखेच फिरवून वजन ५० पौंडांवर. साइट काढली. समोर रिकामं जाड लक्ष्य, तीन मीटरवर, दिवसाला ३० ते ४० बाण. एकदा अँकर लागला की डोळे मिटून.

ओढताना तर्जनी ट्रिगरच्या मागे, ट्रिगरला आपोआप टेकेल अशी जागा द्यायचीच नाही. अर्ध्या ओढीत सुटलेल्या रिलीजने ओठ फाटतात, दात तुटतात. बाण न सोडता परत आणायचा असेल तर आधी बोट मागे, बाण लक्ष्याकडेच, मग सावकाश.

दुसरी जुनी सवय: सुटल्यावर हात बाहेर, चेहऱ्यापासून लांब फेकला जातो. हात मानेच्या बाजूने सरळ मागे गेला पाहिजे. मोबाईलवर मागून चित्रीकरण केलं की हे दोन बाणांत दिसतं.

या दोन आठवड्यांत पेपर ट्यूनिंग (बाण कागदातून मारून, कागद कसा फाटतो ते बघून जुळवणी) करू नका. ५० पौंडांवर तोच बाण जास्त ताठ वागतो, त्यामुळे मिळालेलं फाटणं ६० पौंडांवर उपयोगाचं नाही.

आठवडा ५ आणि ६: साइट परत, पिनची भीती

१० मीटर, मग २०. पिन दिसली की बोटाला घाई सुटते: पिन ठिपक्यावर आली, मार! यालाच टार्गेट पॅनिक म्हणतात, आणि ट्रिगर असलेल्यांना ते फार लवकर लागतं. पिन ठिपक्यावर तरंगू द्या, ती कधीच पूर्ण थांबत नाही. आठ-दहा सेकंदांत बाण सुटला नाही तर खाली उतरवा. दर पाच बाणांत एक बाण मुद्दाम न सोडता उतरवायचा. यासारखा उपाय नाही. झटके सुरू झाले तर दोन दिवस पुन्हा तीन मीटरवर.

सहाव्या आठवड्यात वजन ६० वर नेलं आणि दोन मीटरवरून पेपर. नॉकचं भोक टोकाच्या वर फाटत होतं, म्हणून डी-लूप किंचित खाली. बाणांचं काय? दांडीचा ४०० स्पाइन (ताठपणाचा आकडा) म्हणजे २८ इंचांवरच्या दोन टेकूंमध्ये १.९४ पौंड वजन टांगल्यावर ०.४०० इंच झुकणारी. बोटांसाठी निवडलेली दांडी रिलीजला चालेलच असं नाही, निर्मात्याच्या तक्त्यातला रिलीजचा रकाना बघा. पाच इंची पिसांची गरज मात्र संपली.

आठवडा ७ आणि ८: ब्रॉडहेड आणि जाड कोट

बसवलेला प्रत्येक ब्रॉडहेड (शिकारीचं धारदार पात्यांचं टोक) कठीण, सपाट पृष्ठभागावर टोक टेकवून फिरवा. टोक थरथरलं तर तो बाण बाजूला. मग २० मीटरवर फील्ड पॉइंट (सरावाचं साधं टोक) आणि ब्रॉडहेड आलटून पालटून. ब्रॉडहेड डावीकडे जात असतील तर रेस्ट उजवीकडे, म्हणजे फील्ड पॉइंटच्या दिशेने, १/३२ इंच. एका वेळी तेवढंच. दोन्ही एकाच जागी आल्यावर पिन कायमच्या घट्ट.

शेवटचा सराव शिकारीच्या कपड्यांत, बसून आणि उंचावरून. उंचावरून मारताना हात खाली करू नका, कमरेतून वाका, नाहीतर अँकर सुटतो. कोटाची बाही पट्ट्याखाली आली की रिलीज पुढे सरकतं. पट्टा बाहीच्या आत, कातडीवर. हातमोज्यात ट्रिगर उशिरा जाणवतो, म्हणून तर्जनीचं टोक उघडं राहील असा मोजा.

पिशवीत दुसरं रिलीज ठेवा, त्याच मापाचं, त्याच भोकाला लावलेलं, आणि त्यानेही किमान शंभर बाण मारलेले असू देत. डी-लूपवर रिलीजच्या जबड्याने (लूप पकडणारा भाग) कुरतडलेले धागे दिसले तर तो लूप त्याच दिवशी बदला. रिलीजमध्ये जाड तेल घालू नका. थंडीत ते घट्ट होऊन जबडा उशिरा उघडतो. धूळ फुंकून काढा आणि कोरडं वंगण एक थेंब.