मोटरची डिश: खांबावरची पकड पक्की करताना

उपग्रहांचे चॅनेल पकडणारी ९० सेंटिमीटरची ऑफसेट डिश, तिला एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे फिरवणारी डायसेक मोटर आणि गच्चीवरचा दोन इंची खांब हा संच आता पावसाळ्याला तोंड द्यायला तयार आहे. गेल्या उन्हाळ्यात वळिवाच्या वाऱ्यानंतर जे झालं, ते मोटर लावणाऱ्या बऱ्याच जणांनी पाहिलेलं असेल. ७५ अंश पूर्व रेखांशाच्या आसपासचे, म्हणजे पुण्याहून जवळजवळ थेट दक्षिणेचे, उपग्रह थोडी क्वालिटी (सिग्नलची गुणवत्ता) कमी करून लागत होते, ९३.५ वरचा डीडी फ्री डिशही धरून होता, पण पूर्व आणि पश्चिम दोन्ही टोकांचे उपग्रह गेले होते. मोटर व्यवस्थित फिरत होती, एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल घेणारा भाग) ठीक, केबल ठीक. मधलं लागतं आणि दोन्ही टोकं जातात, तेव्हा मोटरला खांबावर धरणारा ब्रॅकेट फिरला आहे का, हे सगळ्यांत आधी बघायचं.

ते बघायची सोय आधीच केलेली होती. ब्रॅकेटच्या कडेवरून खाली खांबावर उतरणारी एक बारीक उभी रेघ, लाल नेलपॉलिशची. वादळानंतर ती तुटलेली दिसली. वरचा तुकडा खालच्यापासून जेमतेम एक मिलिमीटर बाजूला. एवढ्याशा फरकाने काय होतं, असं वाटेल, म्हणून हिशेब मांडतो. दोन इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाईपचा बाहेरचा व्यास ६०.३ मिमी, म्हणजे घेर साधारण १८९ मिमी. त्याला ३६० ने भागलं की एक अंश म्हणजे अर्धा मिलिमीटर. रेघ एक मिलिमीटर सरकली म्हणजे अख्खी मांडणी दोन अंश फिरली. ९० सेंटिमीटरच्या डिशचा केयू बँडमधला (टीव्हीच्या छोट्या डिश वापरतात त्या लहरींमधला) झोत, म्हणजे ती जेवढ्या कोनातलं पकडते तेवढा पट्टा, मुळात दोन अंशांच्या आतबाहेर रुंद असतो. मोटरच्या अचूकतेवर आपण इतकं बोलतो, पण खरी लढाई या अर्ध्या मिलिमीटरची आहे.

पकडीकडे वळण्याआधी आपल्या अक्षांशाबद्दल थोडं. मोटरच्या बहुतेक माहितीपुस्तिका युरोपातल्या वापरासाठी लिहिलेल्या असतात. तिथे डिश क्षितिजाकडे बरीच झुकलेली असते. पुणं १८.५ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे मोटरचा अक्ष आडव्यापासून फक्त साडेअठरा अंश उचललेला असतो आणि दक्षिणेचा उपग्रह ६८ अंश उंचीवर, जवळजवळ डोक्यावर. याचा थेट परिणाम असा, की खांब पूर्वेला किंवा पश्चिमेला एक अंश कलला, तर मधल्या उपग्रहावर नेम ०.९ अंशाने चुकतो. ५० अंश अक्षांशावर हाच कल साधारण अर्ध्या अंशाचाच फरक पाडतो. ब्रॅकेट खांबावर एक अंश फिरला, तर मात्र आपल्याकडे मधल्या उपग्रहावर फरक एक तृतीयांश अंशाच्या थोडा वर जातो. तो वाढत वाढत टोकांकडे दिसतो. म्हणून आपल्याकडे मधला उपग्रह चांगला लागला याचा अर्थ पकड बरोबर आहे असा घेऊ नका, आणि खांबाच्या ओळंब्यात अजिबात तडजोड करू नका.

ओळंबा खरोखरचाच वापरा. चुंबकाची लेव्हल चालते, पण जीआय पाईपवर जस्ताचे ओघळ असतात आणि लेव्हल नेमकी त्यावर टेकली तर फसवते. आमच्या गवंडीकाकांनी दोरी सोडून खांबाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला दोरीपासूनचं अंतर मोजलं, मग नव्वद अंश वळून दुसऱ्या बाजूने तेच केलं. दोन्ही बाजूंनी अंतर जुळेपर्यंत बेसप्लेटखाली पत्र्याचे तुकडे सारले. मीटरभर उंचीत दोन मिलिमीटर फरक म्हणजे ०.११ अंश. तेवढ्यावर थांबलं तरी चालतं.

पाईप निवडताना दीड इंची की दोन इंची हा प्रश्न नेहमी येतो. दीड इंचीचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी. क्लॅम्प तेवढाच आवळला तरी दोन इंचीवर फिरण्याला होणारा विरोध पाव पटीने जास्त, कारण घर्षण मध्यापासून दूर काम करतं. वाकण्यातला फरक तर फारच मोठा आहे. ताशी १०० किमीच्या वाऱ्यात या डिशवर साधारण ३५ किलोचा जोर येतो. १.२ मीटर उंच बी क्लास पाईपचं टोक त्यात दीड इंचीला ०.६ अंश कलतं, दोन इंचीला ०.३ च्या आत. निळ्या पट्ट्याचा पाईप, म्हणजे बी क्लास, ३.६ मिमी जाडीचा, या कामाला पुरतो. लाल पट्ट्याचा सी क्लास हाताशी असेल तर उत्तमच. आणि खांब शक्य तेवढा आखूड ठेवा. उंचीने सिग्नल वाढत नाही, समोर अडथळा नसला की झालं. आपल्याकडे डिश वर बघते, त्यामुळे कठडा आणि शेजारची इमारत सहसा आड येत नाही.

पायाचं थोडक्यात सांगतो. गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा विटांचा कोबा असेल, तर त्यात अँकर फास्टनर ठोकू नका. तो कोब्यात धरत नाही, आणि स्लॅबपर्यंत नेला तर खालच्या खोलीत ओल येते. आम्ही बीमच्या वर ७५ बाय ७५ बाय २५ सेंटिमीटरचा काँक्रीटचा ओटा ओतला आणि बेसप्लेटचे बोल्ट त्यातच बसवले. वजन सुमारे ३४० किलो. पुण्यासाठी भारतीय मानकात पायाभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, ताशी १४०. त्या वाऱ्यात डिशवर ७० किलोच्या आसपास जोर येतो आणि तरीही हा ओटा उलटत नाही. साठ बाय साठचा आणि ३० सेंटिमीटर उंचीचा ओटा या हिशेबात बसत नव्हता.

आता मुख्य काम. मोटरचा ब्रॅकेट खांबाला दातेरी क्लॅम्प आणि बोल्ट यांनीच धरलेला असतो. कागदावर ते घर्षण पुरेसं भरतं. प्रत्यक्षात ब्रॅकेटचा पत्रा पातळ असतो, बोल्ट पूर्ण ताणावर नेला तर तो वाकतो. जीआयवरचं जस्त मऊ, त्यात दात हळूहळू रुततात आणि बोल्टचा ताण उतरतो. त्यात डिश पूर्वेकडे वळलेली असताना वारा आला, की जोर खांबाच्या मध्यात न येता एका बाजूला येतो आणि ब्रॅकेटला पिळतो. यावर दोन जुने उपाय आहेत. एक, आणखी आवळणं. दुसरा, ब्रॅकेट आणि खांब यांतून आरपार बोल्ट घालणं. आरपार बोल्ट फिरू देत नाही हे खरं, पण भोक पाडल्यावर अर्धा अंश इकडेतिकडे करायची सोय जाते, आणि आपल्याला तर नेमकी तीच सोय हवी असते.

म्हणून धरण्याचं आणि नेम साधण्याचं काम वेगळं केलं. ब्रॅकेटच्या लगेच खाली खांबावर ४० बाय ६ मिमी पट्टीची दोन अर्ध्यांची कॉलर बसवली आणि आरपार बोल्ट या कॉलरमधून घातला. कॉलरला अचूक दिशेची गरजच नाही, ढोबळमानाने दक्षिण असली की पुरे. तिचं वजन-धारणाचं कामही मोठं आहे, ब्रॅकेट तिच्यावर टेकतो, त्यामुळे नेम साधताना क्लॅम्प सैल केला तरी मोटर खाली घसरत नाही. ब्रॅकेटच्या खालच्या क्लॅम्पचे बोल्ट लांब घेऊन त्यांच्यावर मागच्या बाजूला पट्टीची एक जीभ बसवली, खांबाच्या मध्यापासून १२० मिमी बाहेर येणारी. कॉलरला दोन कान वेल्ड केले आणि प्रत्येकात एक आठ एमएमचा बोल्ट, दोन्हींची टोकं जिभेला दोन बाजूंनी टेकलेली. एक सैल करायचा, दुसरा आवळायचा, की ब्रॅकेट हलतो. आठ एमएमच्या बोल्टचा पेच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिमी असतो, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला ०.६ अंश. नटाची एक बाजू फिरवली की दशांश अंश. हाताने डिश ढकलून नेम साधण्यापेक्षा हे किती शांतपणे होतं, ते करून बघितल्याशिवाय कळणार नाही. नेम साधला, की दोन्ही बोल्ट जिभेवर घट्ट, वर चेक नट.

आरपार बोल्टचं भोक बोल्टाइतकंच हवं, १० एमएमच्या बोल्टला १० मिमीचंच, हातोडीने हलकेच ठोकून जाईल असं. भोकात अर्धा मिमी मोकळीक राहिली तर खांबाच्या पृष्ठभागावर तेवढाच खेळ राहतो, म्हणजे पुन्हा एक अंश. पाईप चेपू नये म्हणून आत लोखंडी नळीचा तुकडा घातला आहे. भोक खांबाच्या वरच्या टोकाजवळ असल्याने ताकदीची चिंता नाही, वाकण्याचा जोर बुडाशी जास्त असतो. वेल्डिंग कॉलर खांबावर चढवण्याआधी केलं. जस्त चढवलेल्या पाईपवर वेल्ड केलं की निघणारा धूर फुफ्फुसांना वाईट. उघड्या पडलेल्या कडांना आणि भोकाला जस्ताचा रंग मारला, खांबाच्या डोक्यावर टोपी बसवली.

क्लॅम्प बसणार तिथले जस्ताचे ओघळ कानशीने काढून घ्या. रबर किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा मध्ये घालू नका, रबर दबत जातं. बोल्ट आलटूनपालटून थोडे थोडे आवळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाना लावून बघा, थोडे फिरतातच. स्प्रिंग वायसरपेक्षा नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेल्या) नटवर माझा जास्त विश्वास आहे.

दक्षिण होकायंत्राने नाही, सावलीने घेतली. लोखंडी खांब आणि गच्चीतल्या सळ्या होकायंत्राला भरवशाचं राहू देत नाहीत. पुण्याचं रेखांश ७३.८६ असल्याने सरासरी मध्यान्ह १२:३४ ला येतं, पण वर्षभरात ते मागेपुढे होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८, फेब्रुवारीच्या मध्यावर १२:४९. त्या क्षणी ओळंब्याच्या दोरीची सावली नेमकी उत्तर-दक्षिण. फेब्रुवारीत एका मिनिटाला सावली अर्धा अंश सरकते, तेव्हा घड्याळ मोबाईलशी जुळवून ठेवा. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत हा मार्ग विसरा. त्या काळाच्या दोन्ही टोकांना शून्य सावली दिवस येतो आणि मध्ये सूर्य दुपारी उत्तरेला असतो.

मार्चमध्ये आणखी एक पडताळणी मिळाली. पुण्याहून पाहिलं तर मार्चच्या मध्याच्या अलीकडे आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य उपग्रहांच्याच वाटेने जातो आणि प्रत्येक उपग्रहामागे आला की क्वालिटी काही मिनिटं खाली येते. सूर्य चार मिनिटांत एक अंश पुढे जातो. क्वालिटीचा तळ अपेक्षित वेळेपेक्षा दोन मिनिटं उशिरा आला, तर डिश अर्धा अंश पश्चिमेला बघते आहे. ९३.५ वर आणि ७५ वर असं करून पाहिलं, मग जिभेचे बोल्ट एका बाजूने किंचित फिरवले. दोन्ही टोकांचे उपग्रह परत आले.

शेवटची चाचणी ताणकाट्याची. डिशच्या कडेला आकडा अडकवून आडवं पाच किलो ओढायचं, सोडायचं, क्वालिटी बघायची. ओढताना ती पडते, कारण गिअरमध्ये थोडी मोकळीक असतेच. सोडल्यावर पूर्वीच्या जागी येते का आणि लाल रेघ अखंड आहे का, एवढंच पाहायचं. जास्त ओढू नका, मोटरचा गिअर त्यासाठी नसतो. आत्ता रेघ अखंड आहे. खाली कॉलरवरही दुसरी रेघ ओढली आहे, म्हणजे पुढच्या वादळानंतर ब्रॅकेट सरकला की कॉलर, ते वेगळं कळेल. मोटरजवळच्या केबलचा वेटोळा थोडा मोठा करायचा राहिला आहे, पूर्वेच्या टोकाला डिश गेली की तो ताणला जातो.