पार्कातला दगड कुणाचा

कॅनडात नॅशनल पार्कमध्ये फिरायला गेलात तर एक गोटासुद्धा खिशात घालून आणायचा नाही असा नियम आहे, आणि उत्तरेकडच्या काही पार्कांमधून तिथला इनुइट (आर्क्टिकमधला मूळ रहिवासी) माणूस कोरीवकामाचा दगड काढून, स्लेजवर लादून घरी नेऊ शकतो. चोरून नाही आणि कुणा साहेबाच्या मेहेरबानीने पण नाही, हक्काने. हे मी मामांना सांगितलं तर ते ताडकन म्हणाले, "शक्यच नाही."

आमचे मामा फॉरेस्टमधून रिटायर झालेत. सगळी नोकरी ग्वाल्हेर-शिवपुरी-श्योपूर पट्ट्यात गेली, त्यामुळे दगड आणि जंगल हे दोन शब्द एका वाक्यात आले की त्यांचा आवाज चढतो. तेव्हा मी म्हटलं थांबा, नीट सांगते, आणि मग ती गोष्ट एका चहात संपली नाही.

तर आधी दगडाबद्दल. इनुइट लोकांची ती अस्वलं, सील, वालरस, ड्रम घेऊन नाचणारी माणसं अशी काळसर-हिरवी चकचकीत शिल्पं तुम्ही फोटोत बघितली असतील. तो दगड म्हणजे बहुतेक वेळा सर्पेंटिनाइट, कुठे सोपस्टोन, कुठे आर्जिलाइट. सोपस्टोन एवढा मऊ असतो की नखाने ओरखडा उठतो, सर्पेंटिनाइट बराच कडक. आपल्या ग्वाल्हेरच्या सँडस्टोनशी दोन्हींचा काही संबंध नाही, आपला रवाळ आणि टणक, छिन्नीची धार खाणारा. या दगडाचं आणि त्या लोकांचं नातं मूर्ती विकायला लागल्यापासूनचं नाहीये बरं का. जिथे लाकूड उगवतच नाही तिथे हिवाळाभर उजेड, ऊब आणि शिजवणं हे सगळं एका दगडी दिव्यावर चालायचं, कुल्लिक म्हणतात त्याला, अर्धचंद्रासारखी उथळ थाळी, त्यात सीलची चरबी आणि काठावर शेवाळ नाहीतर कापसासारख्या गवताची वात. भांडीही दगडाचीच. म्हणजे दगड मिळाला नाही तर घरात अंधार, असा मामला.

विक्रीचा भाग नंतरचा. १९४० च्या दशकाच्या शेवटी पांढऱ्या कोल्ह्याच्या कातड्याचे भाव पडले, लोकांच्या हातात पैसा येईना, त्याच सुमारास म्हणजे १९४८ मध्ये जेम्स ह्यूस्टन नावाचा चित्रकार हडसन बेच्या किनाऱ्यावर इनुकजुआकला गेला आणि तिथली छोटी कोरीव शिल्पं घेऊन दक्षिणेत आला. पुढच्या वर्षी माँट्रियलमध्ये हस्तकला गिल्डने ती विकायला ठेवली, बघता बघता सगळी गेली. मग सरकार, को-ऑपरेटिव्ह, गॅलऱ्या सगळे आले. नकली माल वाढला म्हणून १९५८ मध्ये इग्लूचं चित्र असलेला टॅग निघाला, अजूनही चालतो. आज किन्गाइतसारख्या गावात (जुनं नाव केप डॉर्सेट) घरोघरी कुणीतरी कोरतं किंवा कोरत होतं, आणि या सगळ्याचा कच्चा माल एकच, दगड. तो मात्र गावाच्या मागे पडलेला नसतो. उन्हाळ्यात बोटीने जा, हिवाळ्यात स्कीडूमागे (बर्फावर चालणाऱ्या गाडीमागे) कामुतिक म्हणजे स्लेज बांधून जा, पेट्रोल आपल्या खिशातून, खदानीत पहारी, पाचर, घण, फार तर पेट्रोलवर चालणारी करवत. वरचा निकामी थर काढता काढता दिवस जातो.

आता कायदा. २५ मे १९९३ ला इकालुइतमध्ये नुनावुतचा करार झाला, एका बाजूला इनुइट, दुसऱ्या बाजूला कॅनडा सरकार. त्यातूनच पुढे १ एप्रिल १९९९ ला नुनावुत हा वेगळा प्रदेश झाला. या करारात कोरायच्या दगडासाठी वेगळा भाग आहे, आणि त्याची व्याख्याही दिलीय: सर्पेंटिनाइट, आर्जिलाइट आणि सोपस्टोन, ते पण कोरायला लायक असेल तेवढंच. सरकारी जमिनीवरून एका इनुइट माणसाला वर्षाला ५० घनयार्डांपर्यंत असा दगड परमिटशिवाय काढता येतो. अट अशी की जमिनीचं मोठं नुकसान होता कामा नये आणि तिथे दुसरं कुणी असेल त्याला मोठा अडथळा होता कामा नये. बस.

५० घनयार्ड म्हणजे किती, तर साधारण ३८ घनमीटर, वजनाने शंभर टनाच्या वर. मी मामांना त्यांच्या भाषेत सांगितलं, "ट्रॅक्टरच्या डझनभर ट्रॉल्या समजा." मामा चहा पिता पिता थांबले. हातोडी-पहारीने आणि स्लेजवर एवढा दगड एक माणूस वर्षात काढूच शकणार नाही, हे उघड आहे, म्हणजे ही मर्यादा कलाकाराला अडवायला ठेवलेलीच नाही, धंदेवाल्याला ठेवलीय.

पार्कांचं थोडं वेगळं. करारात असं ठरलं की नुनावुतमध्ये पार्क काढायचा तर आधी इनुइटांशी परिणाम आणि फायदे यांचा वेगळा करार करायचा, तो झाल्याशिवाय पार्क नाही. ऑगस्ट १९९९ मध्ये औयुइत्तुक, कुत्तिनिरपाक आणि सिर्मिलिक या तीन पार्कांसाठी असा करार झाला. औयुइत्तुक तर १९७६ पासून रिझर्व्ह म्हणून होतंच, पण पूर्ण दर्जा मिळायला हा करार लागला. दगड काढायचा हक्क पार्कातही राहतो, कुठून आणि कसा ते या करारांत आणि संयुक्त कमिटीत ठरतं, जिच्यात इनुइटांनी नेमलेले लोक असतात. पक्ष्यांच्या सँक्चुअरींसाठीही असाच वेगळा करार आहे. वेजर बेच्या भोवती उक्कुसिक्सालिक नावाचं पार्क आहे, वीस हजार चौरस किलोमीटरच्या वर, त्याचं नावच तिथल्या या दगडावरून पडलंय. जिथे पार्कालाच दगडाचं नाव आहे तिथे दगडाला हात लावू नका म्हणायचं कसं?

मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे क्रम. आधी बोलणी, मग रेघ. आपल्याकडे आधी नकाशावर रेघ मारतात आणि मग आतल्या माणसाला विचारतात की तू इथे काय करतोस.

(कॅनडा लई भारी आणि आपण वाईट असं मला म्हणायचं नाहीये. १९५३ मध्ये याच सरकारने इनुकजुआकच्या कुटुंबांना उचलून दोन हजार किलोमीटर उत्तरेला ग्रीस फियोर्ड आणि रेझोल्यूटला नेऊन ठेवलं होतं, आणि माफी मागितली ती २०१० मध्ये. १९९३ चा करार कुणाच्या मोठेपणातून आलेला नाही, लोक वीस वर्षं मागे लागले तेव्हा आला.)

मामांचं म्हणणं असं होतं की हे सगळं तिकडे ठीक आहे. "तिथे आख्ख्या प्रदेशात माणसं किती? चाळीस हजार? अगं तेवढी आपल्या ग्वाल्हेरच्या एका मुरारमध्ये असतील. रस्ता नाही, ट्रक जात नाही, मग कोण चोरणार? इथे तू म्हण की कारागिराला दगड काढू द्या, दुसऱ्या दिवशी दोनशे कारागीर तयार, सगळ्यांकडे जेसीबी." आणि मग त्यांनी ग्वाल्हेरजवळच्या बानमोरचं काढलं. ग्वाल्हेरकरांना सांगायला नको, मार्च २०१२, होळीचा दिवस, अवैध दगडाने भरलेला ट्रॅक्टर थांबवायला गेलेल्या तरुण आयपीएस अधिकाऱ्याला त्याच ट्रॅक्टरखाली चिरडलं. मामांच्या पिढीने हे जवळून बघितलंय, त्यांच्या नाक्यांवरच्या पोरांवर ट्रॅक्टर घातलेत लोकांनी. यावर मी गप्प बसले, कारण हे काही पुस्तकी उत्तर देऊन उडवायचं नाहीये.

पण नंतर विचार केला तर वाटलं की मामा ज्याची भीती घालतात तो माणूस आणि मी ज्याच्याबद्दल बोलतेय तो माणूस, हे दोघं वेगळे आहेत, आणि आपल्या कायद्याला ते दोघं वेगळे दिसतच नाहीत ही खरी भानगड आहे. नुनावुतच्या करारात हक्क माणसाला आहे, दगडाचे प्रकार ठरलेत, काम ठरलंय, वर्षाचं माप ठरलंय. त्याहून जास्त हवा असेल तर सरळ लीजचा रस्ता. सरकारी जमिनीत अशा दगडाचा मोठा साठा सापडला तर इनुइट संस्थेला कळवायचं आणि तिथे लीजचा पहिला मान तिचा. यात माफियाला शिरायला फट कुठे आहे ती दाखवा.

आपल्याकडे काय आहे बघा. १९२७ च्या वन कायद्यात "वनोपज" म्हणजे काय याची यादी आहे, त्यात लाकूड, मध, लाख तर आहेच पण जंगलातली माती, खडक, खनिज, खाणीतून निघणारं सगळंच आहे. म्हणजे तुम्ही जंगलातून दगड उचलला तर तो वनोपज आणि तुम्ही चोर. आता २००६ चा वनाधिकार कायदा उघडा. त्यात आदिवासींना गौण वनोपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क दिलाय, फार मोठी गोष्ट आहे ती, पण तिथे व्याख्या बदलते: फक्त वनस्पतीपासून मिळणारं. बांबू, तेंदूपत्ता, मध, मेण, लाख, कंदमुळं. दगड गायब. पकडायच्या यादीत दगड आहे आणि द्यायच्या यादीत नाही! कायदा शिकलेली माणसं म्हणतील की त्याच कायद्यात शिकार सोडून इतर कुठलाही पारंपरिक हक्क मागायची सोय आहे, कलम ३ मध्ये. आहे, बरोबर. पण नाव घेऊन दिलेला हक्क आणि "इतर" मध्ये ढकललेला हक्क यात किती फरक पडतो हे कलेक्टर कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही विचारा.

आणि इथे मला सहरिया आदिवासी आठवतात. कूनोचं जंगल आपल्या बाजूलाच. गीरचे सिंह आणायचे म्हणून नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथली २४ गावं उठवायला घेतली, त्यात बहुतेक सहरिया. सिंह काही आले नाहीत. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये चित्ते आले नामिबियातून, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. ज्या सलईच्या आणि बाकीच्या डिंकावर त्या लोकांचं वर्षाचं गणित बसायचं ती झाडं राहिली आत, माणसं बाहेर. शिवपुरीच्या पट्ट्यात याच सहरियांमधले कित्येक दगडाच्या खदानीत मजुरी करतात, म्हणजे जंगलाचा हक्क नाही आणि दगडाचाही नाही, दोन्हीकडे दुसऱ्याच्या नावाचं लीज, यांच्या वाट्याला धूळ. सँडस्टोनची धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि त्याला इलाज नाही. आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांच्या छतांना ज्या पटिया आहेत ना, अंगणात ज्या फर्श्या आहेत, त्या अशाच कुणाच्या हातून आल्यात.

ग्वाल्हेरजवळच्या घाटीगावचं उदाहरण तर अजून विचित्र. १९८१ मध्ये सोनचिडियासाठी (म्हणजे माळढोक) सँक्चुअरी झाली, आत गावं, शेतं, दगड सगळंच. लोकांना स्वतःची जमीन विकता येईना. पक्षी दिसेनासा झाला, सँक्चुअरी कागदावर राहिली, शेवटी काही भाग वगळायची वेळ आली. यात पक्षीही गेला आणि गाववालेही वर्षानुवर्षं चिडलेले राहिले. गावाला सुरुवातीपासून बरोबर घेतलं असतं तर सोनचिडिया वाचली असती असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण तिचं कुणी राखणदार तरी झालं असतं.

एक सांगते, हक्क लिहिला म्हणजे सगळं झालं असंही नाही. नुनावुतमध्ये चांगला दगड लांब असतो, पेट्रोल महाग, म्हाताऱ्या कारागिराला स्वतः जाणं जमत नाही मग तो दुसऱ्याकडून विकत घेतो. बरेच जण घराबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये थंडीत ग्राइंडर चालवतात, धूळ तिथेही आहेच. आणि गॅलरीत ज्या किमतीला अस्वल विकलं जातं त्यातलं कोरणाऱ्याच्या हातात किती पडतं हा वाद जुना आहे. फरक एवढाच की तो दगड आणायला निघतो तेव्हा कुणी त्याला चोर म्हणू शकत नाही.

हे सगळं मी मामांना परत जाऊन ऐकवलं. ते नेहमीप्रमाणे आधी "हं" म्हणाले, मग म्हणाले, "असं बघ, आपल्याकडे अगदीच काही नाही असं नाही. एमपीच्या १९९६ च्या गौण खनिज नियमांत कुंभाराला सूट आहे. पिढीजात कुंभार पारंपरिक पद्धतीने मडकी, कवेलू (कौलं) करायला माती काढत असेल तर त्याला लीज लागत नाही."

म्हटलं, मग तसंच दगडाला का नाही? हाताने कोरणाऱ्यासाठी, माप ठरवून?

"करता येईल. कुणी मागितलं पाहिजे."

"आणि ती कुंभाराची सूट, सँक्चुअरीच्या आत चालते?"

"छे," मामा म्हणाले, "आत कशी चालेल?"