रिकाम्या बंदुकांची लढाई

अमेरिकन क्रांतीचा भाग सुरू झाला की माझ्या सातवीच्या मुलांना तोफा, धूर आणि घोडे हवे असतात. मी मात्र फळ्यावर आधी एक हुकूम लिहिते: ‘बंदुका भरायच्या नाहीत. जो गोळी झाडेल, त्याला शेजारचा अधिकारी जागच्या जागी ठार करेल.’

लगेच हात वर होतात. ‘मग बंदूक न्यायचीच कशाला?’ या प्रश्नासाठीच मी स्टोनी पॉइंटची लढाई शिकवते.

माझी शाळा न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या खोऱ्यात आहे. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला नदीत घुसलेला एक खडकाळ सुळका आहे, तोच स्टोनी पॉइंट. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला दलदल. १७७९च्या उन्हाळ्यात तो इंग्रजांच्या ताब्यात होता. तोडलेल्या झाडांच्या टोकदार फांद्या बाहेर काढून त्यांनी अडथळ्यांच्या दोन रांगा उभ्या केल्या होत्या. (त्याच वर्षी जानेवारीत मराठ्यांनी वडगावला कंपनीच्या फौजेला तह करायला लावला होता. हे सांगताना मी भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पुण्याजवळ बोट ठेवते, आणि ही लढाई किती मोठ्या जगात चालली होती ते मुलांना एकदम दिसतं.)

आता योजना. वॉशिंग्टनने स्वतः समोरच्या डोंगरावरून ठाण्याची पाहणी केली आणि कामगिरी अँथनी वेन या आपल्या सेनानीकडे सोपवली. १५ जुलैच्या दुपारी सुमारे १३५० निवडक शिपाई निघाले. वाटेत भेटलेल्या गावकऱ्यांना बातमी फुटू नये म्हणून अडवून ठेवलं. कुठे चाललोय, हे शिपायांनाही शेवटच्या थांब्यापर्यंत ठाऊक नव्हतं. मध्यरात्री तीन तुकड्या सुटल्या. उत्तरेची आणि दक्षिणेची तुकडी रिकाम्या बंदुकांच्या टोकाला संगिनी, म्हणजे भोसकायची पाती, लावून गेली; बंदूक न्यायची ती यासाठी. मधली छोटी तुकडी तेवढी भरलेल्या बंदुकांनिशी होती आणि तिचं काम एकच, जोरदार गोळीबार करून हूल द्यायची. इंग्रज अधिकारी जॉन्सन फसला. जवळजवळ निम्मी शिबंदी घेऊन तो आवाजाच्या दिशेने खाली धावला, आणि दक्षिणेची तुकडी कंबरभर पाण्यातून त्याच्या पाठीमागच्या बाजूने वर चढली.

इथे मी वर्गाचे पडदे ओढते आणि दिवे घालवते. निम्म्या मुलांच्या टोपीला पांढरा कागद लावलेला असतो. ‘बोलायचं नाही, आपली माणसं शोधा.’ अंधुक उजेडात कागदवाली मुलं पटकन एकत्र येतात, बाकीची एकमेकांवर आपटतात. वेनने प्रत्येकाच्या टोपीत पांढरा कागद खोचायला लावला होता, तो याचसाठी. एकाने चुकून जरी चाप ओढला असता तरी सगळा किल्ला जागा झाला असता, हे मग मला वेगळं सांगावं लागत नाही.

अर्ध्या तासात ठाणं पडलं. अमेरिकनांचे १५ मेले, ८३ जखमी झाले. वेनच्या डोक्याला गोळी चाटून गेली, तरी तो हटला नाही. फ्लरी नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने आधी आत उडी घेतली आणि इंग्रजांचं निशाण उतरवलं.

पण माझ्या मते या लढाईतली खरी शिस्त त्यानंतर दिसली. १७७७च्या सप्टेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पाओलीला वेनच्याच छावणीवर इंग्रजांनी रात्री असाच संगिनींचा छापा घातला होता. त्यांनीही आपल्या बंदुका बंद ठेवल्या होत्या. वेनची माणसं झोपेतून उठता उठता कापली गेली. म्हणजे ही युक्ती तो शत्रूकडूनच शिकला होता आणि सूडाची आग मनात असणं अगदी साहजिक होतं. तरीही शरण आलेल्यांना कुणी मारलं नाही. साडेचारशेहून जास्त कैदी जिवंत राहिले. इंग्रजांच्या आरमारातले कॉमोडोर जॉर्ज कॉलियर यांनीही या दयेची कबुली दिली. तेरा वर्षांच्या मुलांना सूड लवकर कळतो, म्हणून या भागावर मी पूर्ण तास घालवते. एका मुलीने विचारलं, ‘अंधारात, इतक्या रागात, हात थांबवायला त्यांना शिकवलं कुणी?’ मी तिला व्हॅली फोर्जची, म्हणजे वॉशिंग्टनच्या सैन्याच्या हिवाळी छावणीची, गोष्ट सांगितली. १७७८मध्ये श्टॉयबेन नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने याच सैन्याकडून रोज कवायत करून घेतली. संगीन कशी धरायची आणि हुकूम कसा पाळायचा, दोन्ही तिथे अंगवळणी पडलं.

वॉशिंग्टनने दोन दिवसांनी ठाणं सोडून दिलं हे ऐकून मुलं खट्टू होतात. राखायला लागणारी माणसं त्याच्याकडे नव्हती. तोफा आणि रसद हलवून, तटबंदी मोडून सैन्य निघून गेलं. हा निर्णय बरोबर की चूक, यावर मुलांना निबंध लिहायला देते आणि दरवर्षी वर्ग जोरात भांडतो. तुम्ही कधी न्यूयॉर्कला आलात तर उत्तरेला जरा लांब येऊन ही जागा जरूर बघा. तिथे छोटं संग्रहालय आहे आणि १८२६मध्ये बांधलेला दीपस्तंभही.