बॅग मुक्कामाप्रमाणे भरावी

पॅकिंग क्यूब म्हणजे चेनचे, वरून जाळी असलेले चौकोनी कापडी कप्पे. कपडे सुटे न रचता या कप्प्यांत भरायचे आणि कप्पे बॅगेत लावायचे. हल्ली त्यांचे सेट सगळीकडे मिळतात आणि सेटबरोबर बहुधा एक चित्र असतं: एका क्यूबमध्ये सगळे टीशर्ट, दुसऱ्यात सगळ्या पँट, तिसऱ्यात आतले कपडे. हे चित्र मला अजिबात पटत नाही. अशी रचना कपाटाला शोभते. प्रवासात अशी बॅग भरली की अंघोळीला जाताना एक जोड कपडे काढायला तीन चेनी उघडाव्या लागतात, आणि दुसऱ्या मुक्कामापर्यंत कुठल्या क्यूबमध्ये काय होतं याचा पत्ता राहत नाही. प्रवासात कपडे लागतात ते प्रसंगाप्रमाणे आणि मुक्कामाप्रमाणे. क्यूबही तसेच भरावेत.

हे मी शिकले ते लग्नांमध्ये. माझं सासर नागपूरचं, त्यामुळे पुण्याहून रात्रीच्या गाडीने नागपूरला लग्नाला जाणं आमच्या घरात नित्याचं. लग्नाची बॅग ही सगळ्यात अवघड बॅग. हळद, सीमांतपूजन, लग्न, स्वागत समारंभ, मग घरी आल्यावर सत्यनारायण. प्रत्येक वेळी वेगळी साडी, आणि साडी एकटी कधीच येत नाही. तिच्याबरोबर तिचं ब्लाउज, तिच्या रंगाचा परकर, बांगड्या, पिना, टिकली. कार्यालयातल्या खोलीत आम्ही सगळ्या जावा, नणंदा, आत्या एकत्र. आरसा एक, चार्जिंगचा पॉइंट एक, आणि बाहेरून कोणीतरी ओरडतंय की गुरुजी थांबलेत. त्या वेळी परकर शोधायला अख्खी बॅग गादीवर उपसावी लागली की पुढचा अर्धा तास गेलाच.

म्हणून माझ्याकडे प्रत्येक प्रसंगाचा एक क्यूब असतो. सीमांतपूजनाच्या क्यूबमध्ये ब्लाउज, परकर, बांगड्या मोज्यात घालून, पिनांची छोटी डबी, टिकल्यांचं पाकीट, रुमाल. पिनांची डबी प्रत्येक क्यूबमध्ये वेगळी, कारण पिना मागण्यात आणि शोधण्यात जितका वेळ जातो तितका साडी नेसण्यातही जात नाही. जाळीतून आत दिसेल असा एक कागद वरच ठेवते, त्यावर प्रसंगाचं नाव. सासूबाईंचे क्यूब हिरवे, माझे निळे, मुलीचे पिवळे. सासूबाई आता ऐंशीच्या घरात आहेत, वाचायला चष्मा लागतो, पण रंग लांबूनही कळतो. "अगं, माझा उद्याचा हिरवा काढून ठेव," एवढं त्या रात्री सांगतात आणि सकाळी मला न उठवता स्वतःच तयार होतात. त्यांच्या वयाच्या माणसाला कपड्यांसाठी कोणावर अवलंबून राहावं लागू नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

जरीची साडी मात्र क्यूबमध्ये कोंबायची नाही. साडीतली जर घडीवर दाबून राहिली की तिथेच तुटते. पैठणी किंवा कांजीवरम मी मलमलीच्या कापडात सैल गुंडाळते आणि बॅगेत सगळ्यात वर, क्यूबच्या सपाट थरावर आडवी ठेवते. खालचा थर क्यूबमुळे सपाट असतो म्हणूनच हे जमतं. सुट्या कपड्यांच्या चढउतारावर ठेवलेल्या साडीला भलत्या ठिकाणी घड्या पडतात. खळ दिलेल्या सुती साड्याही सपाटच. कुर्ते, सलवारी, मुलीचे टीशर्ट यांच्या मात्र घट्ट गुंडाळ्या करून क्यूबमध्ये उभ्या लावायच्या, म्हणजे चेन उघडली की सगळ्या एका नजरेत दिसतात आणि मधली काढली तरी बाकीच्या हलत नाहीत.

रेल्वेसाठी आणखी एक छोटा क्यूब: चादर, स्वेटर, ब्रश, पेस्ट, रात्रीचा गाऊन. तो बॅगेच्या चेनीच्या अगदी तोंडाशी. दिवे मालवलेले असतात, समोरचे लोक झोपलेले असतात, बॅग बर्थखाली. ती पूर्ण बाहेर न ओढता, नुसती चेन थोडी उघडून हात घातला की तो क्यूब हाताला लागला पाहिजे.

मुक्कामाप्रमाणे भरण्याचा खरा कस लागला हिमाचलमधल्या स्पितीला. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो. सिमला, सांगला, कल्पा, ताबो, काझा, चंद्रताल आणि मनाली असा फेरा, जवळजवळ रोज नवं हॉटेल. या वाटेची गंमत म्हणजे एकाच प्रवासात दोन ऋतू भेटतात. सिमल्याला आणि सांगल्याला धो धो पाऊस, कपडे वाळत नाहीत. पुढे ताबो-काझाकडे वळलं की डोंगरांच्या पलीकडचा कोरडा प्रदेश, पावसाचं नाव नाही, नुसती धूळ आणि रात्री कडाक्याची थंडी. प्रकाराप्रमाणे भरलेल्या बॅगेत पावसाळी जाकीट आणि लोकरीची टोपी एकाच क्यूबमध्ये गेली असती, आणि दोन्हींसाठी रोज तोच क्यूब उपसावा लागला असता.

आम्ही तीन भाग केले. ओल्या भागाचे कपडे एका क्यूबमध्ये: लवकर वाळणारे, पातळ, जास्तीचे मोजे. कोरड्या थंडीचे दुसऱ्यात: थर्मल, जाड पँट, स्वेटर. आणि तिसरा क्यूब फक्त चंद्रतालच्या रात्रीचा. चंद्रताल सव्वाचार हजार मीटरच्या आसपास आहे. मुक्काम तंबूत, आणि ऑगस्टमध्येही सूर्य मावळला की बोटं आखडतात. त्या रात्रीसाठी लागणारं सगळं, म्हणजे थर्मलचा दुसरा जोड, हातमोजे, कानटोपी, जाड मोजे, टॉर्च, प्रत्येकाच्या एकेका क्यूबमध्ये. टेम्पो ट्रॅव्हलरच्या टपावर ताडपत्रीखाली बांधलेल्या मोठ्या बॅगा त्या रात्री खाली उतरवल्याच नाहीत. आदल्या दिवशी काझाला तिघांचे तीन क्यूब काढून पाठपिशवीत टाकले होते, तेवढी एक पिशवी घेऊन तंबूत गेलो. आमच्या गटातले बाकीचे लोक अंधारात, वाऱ्यात, ड्रायव्हरदादांना टपावर चढवून बॅगा शोधत होते. एवढ्या उंचीवर दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. दादांना परत परत वर चढायला लावणं मला तरी पाहवलं नाही.

उंचीवरची दुसरी गोष्टही सांगून ठेवते. वर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे बंद पाकिटं फुगतात. काझाला पोचेपर्यंत आमची चिवड्याची पाकिटं उशीसारखी टम्म झाली होती. शांपूच्या, तेलाच्या बाटल्यांमधली हवाही तशीच जोर करते आणि झाकण उघडलं की माल बाहेर. म्हणून बाटल्यांचा क्यूब जाळीचा नको. आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेला, बाटल्या उभ्या राहतील असा हवा, आणि तो बॅगेत कपड्यांपासून दूर, चाकांच्या बाजूला. जड वस्तू तशाही चाकांच्या बाजूलाच हव्यात, म्हणजे बॅग उभी केली की तोंडावर पडत नाही.

वापरलेल्या कपड्यांचा क्यूब लोक विसरतात. निघताना तो रिकामा, सपाट, तळाशी. जसजसा प्रवास पुढे जातो तसतसे बाकीचे क्यूब बारीक होतात आणि हा फुगतो, बॅग एकूण तेवढीच राहते. स्पितीच्या धुळीत हा क्यूब नसता तर धुतलेले कपडेही तिसऱ्या दिवशी मळकट दिसले असते. कोकणात किंवा गोव्याला जाताना ओल्या कपड्यांसाठी मी आणखी एक, पूर्ण प्लॅस्टिकच्या कापडाचा घेते. ओलं आणि मळलेलं एकत्र ठेवलं की वास बसतो, तो दोन धुण्यांतही जात नाही.

आता जागेबद्दल. क्यूबमुळे बॅगेत दुप्पट कपडे मावतात असं विकणारे सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. साध्या क्यूबने जागा फारशी वाचत नाही, शिस्त येते. दुहेरी चेनचे, हवा दाबून बाहेर काढणारे क्यूब असतात, त्यांनी फुगीर कपडे खरंच दबतात: पिसांचं जाकीट, लोकरीचं स्वेटर. जीन्स किंवा सुती कुर्त्यात दाबायला हवाच नसते, त्यामुळे तिथे फरक पडत नाही. शिवाय आकार कमी झाला तरी वजन ग्रॅमभरही कमी होत नाही. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुतेक वेळा १५ किलोची चेक-इन बॅग आणि ७ किलोची हातातली बॅग चालते. दाबून दाबून भरलेली छोटी बॅग काउंटरवर सहज १८ किलो निघते. म्हणून दाबाचे क्यूब फक्त थंडीच्या कपड्यांना, आणि मुक्कामाला पोचल्याबरोबर पिसांचं जाकीट मोकळं करून झटकायचं. ते दबलेलंच राहिलं तर त्यात हवा राहत नाही आणि ऊबही येत नाही.

विमानाने जाताना एक गोष्ट मी कधीच चुकवत नाही. तिघांच्या दोन बॅगा असल्या तर प्रत्येकाचा एक क्यूब दुसऱ्या बॅगेत जातो. एखादी बॅग मागे राहिली तरी कोणीही पूर्ण बिनकपड्यांचं राहत नाही. सुटे कपडे असे वाटून ठेवायचे म्हटले की गोंधळ होतो, क्यूबच्या बाबतीत ते क्षणात होतं. सासूबाईंची औषधं आणि पॉवर बँक मात्र कुठल्याच क्यूबमध्ये नाहीत, ती हातातल्या पर्समध्ये. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालतच नाही.

माझे क्यूब मी घरीच शिवते. विकतचे वाईट असतात असं नाही, पण ते आपल्या बॅगेच्या मापाचे नसतात. चार क्यूब लावले की कडेला चार बोटं फट राहते, सगळे सरकतात आणि बॅग उभी केली की खाली बसतात. आधी बॅग उघडून आतलं माप घ्या. बाहेरचं माप उपयोगाचं नाही, कारण ट्रॉलीच्या दांड्याच्या दोन नळ्या आतून तळाशी गेलेल्या असतात. त्या नळ्यांच्या आजूबाजूच्या पन्हळीत मी मोजे आणि रुमालांच्या लांब गुंडाळ्या भरते, तळ सपाट होतो, मग त्यावर क्यूब.

माझ्या बॅगेचं आतलं माप ५७ बाय ३८ सेंटीमीटर. त्यामुळे मोठा क्यूब ३८ बाय २८, उंची १०. असे दोन शेजारी ठेवले की एक थर पूर्ण. मधला क्यूब २८ बाय १९, म्हणजे दोन मधले मिळून एक मोठा. कसेही बदलून लावले तरी फट पडत नाही.

कापड पॅराशूटचं घ्यावं. हलकं असतं, क्यूब एकमेकांवरून सहज सरकतात, ओल धरत नाही. जाळी मच्छरदाणीची चालते, पण जाड विणीची घ्या, पातळ जाळी चेनीच्या टोकाला फाटते. पुण्यात हे सगळं बोहरी आळीत एका फेरीत मिळतं: कापड, जाळी, मीटरवर कापून मिळणारी चेन, सुटे रनर (चेन उघडायची-मिटायची सरकती कडी), पायपिंग. चेन नायलॉनची, पाच नंबरची. धातूची कोपऱ्यावर वळत नाही आणि जरीला घासते. तीन नंबरची दिसायला नाजूक, पण भरलेल्या क्यूबवर दात सुटतात.

मोठ्या क्यूबसाठी शिलाईला सगळीकडून दीड सेंटीमीटर धरून तळ आणि वरची जाळी ४१ बाय ३१ अशी कापा. चेन एका लांब आणि दोन आखूड बाजूंनी फिरते, म्हणजे ९४ सेंटीमीटर, अधिक शिलाईचे ३. मागची चौथी बाजू सलग पट्टीची, ती बिजागरीचं काम करते. पॅराशूटचे काठ कापल्याबरोबर उसवायला लागतात. मेणबत्तीच्या ज्योतीजवळून काठ झरझर फिरवला की धागे वितळून बसतात. ज्योतीत धरायचं नाही, बाजूने फक्त धग द्यायची, आणि हे काम खिडकी उघडून करायचं. मग मशीनवर टाके थोडे मोठे ठेवून शिवा. बारीक टाक्यांनी हे कापड भोकाभोकांच्या रेषेत फाटतं.

रनर दोन घाला, समोरासमोर मिटणारे, म्हणजे कुठल्याही बाजूने उघडता येतं. आणि आखूड बाजूला कापडी पट्टीचा एक जाड बंद शिवा, बोट अडकवून ओढता येईल असा. तो बंद वरच्या जाळीला लावू नका, तळाच्या शिलाईत धरा. जाळीला लावलेला बंद पहिल्याच लग्नात हातात येतो.